आयफोन निम्मा, मग उरलेला निम्मा कोणाचा?

प्रति,
अध्यक्ष व सर्व सभासद,
गुंतवणूक अभ्यास मंडळ,
धरमपेठ, नागपूर

सप्रेम नमस्कार.

येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ॲपलचा ठराव आहे. ही कंपनी एकाच वस्तूवर जगते, तिची निम्मी विक्री एकट्या आयफोनची आहे, म्हणून मंडळाच्या शेअरांच्या नमुना यादीतून ॲपल काढावी, असा तो ठराव. त्यावर आपल्यातल्या तरुण मंडळींनी उत्तराचं टिपण फिरवलं आहे: कंपनीने सेवांचा धंदा एवढा वाढवला आहे की जोखीम केव्हाच विभागली गेली, उलट यादीतला वाटा वाढवा. दोन्ही कागद मी नीट वाचले. दोन्हींतले आकडे बरोबर आहेत आणि दोन्हींचा निष्कर्ष मला पटलेला नाही. बैठकीत बोलायला पाच मिनिटं मिळतील, त्यातली तीन तर्री पोह्यांच्या प्लेटा फिरण्यात जातील, म्हणून लिहूनच देतो. आपल्यासारखी मंडळं नागपुरात आणखीही आहेत आणि परदेशी शेअरांच्या यादीत बहुतेकांचं पहिलं नाव हेच असतं. पत्र खुलं ठेवण्याचं कारण तेवढंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटापर्यंत वाचायचा कंटाळा असेल त्यांची सोय होईल. ॲपलचं आयफोनवरचं अवलंबन ठराव म्हणतो त्याहून बरंच जास्त आहे. तरीही शेअर काढून टाकायला ते कारण पुरेसं नाही. मर्यादा घालायला पुरेसं आहे, आणि ती आपल्या यादीत घालायची आहे. ती घालणं कंपनीचं काम नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री ४१६ अब्ज डॉलर झाली. त्यात आयफोन २०९ अब्जांच्या वर, सेवा १०९ अब्ज, घड्याळं-इअरफोन वगैरे मिळून ३६ अब्जांच्या आत, मॅक ३४ अब्जांच्या आत आणि आयपॅड २८ अब्ज. ठरावातलं 'निम्मी' इथून आलं. २०१५ मध्ये आयफोनचा वाटा ६६ टक्के होता, त्यामुळे तरुण मंडळी म्हणतात की अवलंबन घटत चाललं आहे. कागदावर घटलं आहे खरं.

माझी नोकरी सगळी कॉस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तूला किती खर्च आला याच्या हिशोबात गेली. वार्षिक अहवालातले रकाने पाहिले की मला पहिली शंका येते ती ही, की हे रकाने कंपनीने मांडणीच्या सोयीसाठी पाडलेत की त्यामागची मागणी खरंच वेगवेगळी आहे? तपासायची रीत सोपी आहे. एक रकाना पुसायचा आणि बाकीच्यांत काय उरतं ते बघायचं. उद्यापासून आयफोन नाही असं धरा. ॲपलचं घड्याळ सुरू करायलाच आयफोन लागतो, अँड्रॉइडवाल्याला ते घेऊन काही उपयोग नाही. इअरफोन दुसऱ्या फोनला जोडता येतात, पण ज्याच्या खिशात आयफोन नाही तो एवढे पैसे त्यावर काहून घालेल? आणि सेवा म्हणजे काय, तर ॲप स्टोअरचं कमिशन, फोटो-फायली साठवायच्या आयक्लाउडचं महिन्याचं भाडं, दुरुस्तीची हमी देणाऱ्या ॲपलकेअरचे पैसे, आयफोनवरचा शोध आपल्याच साइटवरून व्हावा म्हणून गूगल देतं ती रक्कम, शिवाय गाणी-मालिका वगैरे. यातलं बहुतेक फोनच्या पडद्यावरच घडतं. मॅक-आयपॅडवरही काही घडतं, ॲपल म्युझिक तर अँड्रॉइडवरही चालतं, तेवढं वजा करू.

सेवांची आतली फोड कंपनी देत नाही. त्यामुळे पुढचा आकडा अहवालातला नाही, माझा आहे. सेवांचा तीन चतुर्थांश आणि घड्याळ-इअरफोनचा दोन तृतीयांश भाग फोनच्या नावे टाकला, तर फोनच्या जिवावरची विक्री एकूण विक्रीच्या तीन चतुर्थांशावर जाते. कोणाला हे प्रमाण जास्त वाटत असेल तर त्याने आपलं घालून बघावं, निम्म्यावर काही ते येत नाही. स्वतःच्या पायावर उभे म्हणावेत असे दोनच रकाने, मॅक आणि आयपॅड. दोघं मिळून १५ टक्के.

काटोल-वरुडकडे ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत त्यांना हे जास्त सांगायला नको. आंबिया आणि मृग असे दोन बहार, वहीत दोन रकाने, बाजारात दोन भाव. पण झाडाला डिंक्या रोग लागला की दोन्ही रकाने एकदमच कोरे.

सेवांवरचा ढोबळ नफा (विक्रीतून त्या विक्रीचा थेट खर्च वजा केल्यावर उरतो तो) सुमारे ७५ टक्के आहे, वस्तूंवरचा ३७ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे विक्रीत जेमतेम चौथा हिस्सा असलेल्या सेवा ढोबळ नफ्यात ४० टक्क्यांहून जास्त भर घालतात. टिपणात या ओळीखाली दोनदा रेघ मारलेली आहे. मी त्याच ओळीवरून उलट्या निष्कर्षाला येतो. फोन विकताना एकदा नफा, मग तो फोन हातात आहे तोवर दर महिन्याला पुन्हा नफा, तोही दुप्पट दराने. गिऱ्हाईक दुसऱ्या फोनवर गेलं की दोन्ही गेले. याला जोखीम विभागणं म्हणत नाहीत.

एवढं वाचून ठराव मांडणारे खूश झाले असतील. आता त्यांच्याकडे वळतो.

जास्त वस्तू असल्या की कंपनी सुरक्षित, हे गृहीतक ठरावाच्या मुळाशी आहे. ॲपलच्याच बाबतीत ते एकदा साफ उलटं पडलं होतं. १९९० च्या दशकात या कंपनीकडे वस्तूंची कमी नव्हती. प्रिंटर होते, न्यूटन नावाचं हातातलं यंत्र होतं, डिजिटल कॅमेरा होता, आणि मॅकची इतकी मॉडेलं होती की विकणाऱ्यालाही त्यातला फरक सांगता येत नसे. १९९७ च्या आर्थिक वर्षात तोटा एक अब्ज डॉलरच्या घरात गेला. त्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने १५ कोटी डॉलर घातले. स्टीव्ह जॉब्स परत आले आणि त्यांनी वस्तू छाटल्या: घरच्यासाठी आणि व्यावसायिकासाठी, टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा, असे चारच संगणक ठेवायचे. ठरावाच्या भाषेत बोलायचं तर ज्या वर्षी कंपनी सर्वांत जास्त 'विभागलेली' होती त्याच सुमारास ती बुडायला आली होती.

मग आयपॉड. २००६ च्या आर्थिक वर्षात १९.३ अब्ज डॉलर विक्रीपैकी ७.७ अब्ज एकट्या आयपॉडचे, म्हणजे ४० टक्के. आपलं मंडळ तेव्हा असतं तर हाच ठराव आयपॉडच्या नावाने आला असता, आणि तो पूर्ण बरोबर ठरला असता, कारण आयपॉड खरंच संपला. जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर झाला, हळूहळू आयपॉडचं गिऱ्हाईक त्याने खाल्लं, आणि मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही बंद झाला. वस्तू संपली आणि कंपनी कित्येक पटींनी मोठी झाली. ठराव बरोबर ठरूनही शेअर विकणारा हळहळला असता.

यावरून 'पुढची वस्तूही सापडेलच' असा निष्कर्ष काढू नका. मोटारीवर कंपनीने दहाएक वर्षं काम केलं, जाहीर असं कधी काही सांगितलं नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गुंडाळल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात डोळ्यांवर चढवायचं व्हिजन प्रो अमेरिकेत विक्रीला आलं, किंमत ३,४९९ डॉलर. त्याने विक्रीच्या रकान्यांत काही हललं नाही. संशोधनावर कंपनी वर्षाला ३० अब्ज डॉलरहून जास्त खर्च करते. आयफोनच्या तोडीचं दुसरं काही त्यातून अजून निघालेलं नाही, आणि निघायलाच हवं असा नियमही नाही. एवढी मोठी वस्तू जगात कोणाकडेच दुसरी नसते.

एकाच वस्तूवर उभी कंपनी हलते तेव्हा कसं दिसतं, हे दोनदा पाहायला मिळालं. २०१६ च्या पहिल्या तीन महिन्यांत आयफोनची विक्री आदल्या वर्षापेक्षा प्रथमच घटली आणि त्याबरोबर २००३ नंतर प्रथमच कंपनीची तिमाही विक्री घटली. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने सांगून टाकलं की यापुढे किती फोन विकले हा आकडा आम्ही देणार नाही. (आमच्या कारखान्यात एखाद्या विभागाने उत्पादनाचा आकडा देणं थांबवलं की साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः शेडमध्ये जात.) आणि २ जानेवारी २०१९ ला तेव्हा कंपनीचे प्रमुख असलेल्या टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीच्या विक्रीचा अंदाज किमान ८९ अब्ज डॉलरवरून ८४ अब्जांवर आणला. मुख्य कारण चीनमध्ये आयफोनची मागणी कमी. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १० टक्के पडला. ज्यांची सगळी पुंजी तिथे होती त्यांना ती रात्र आठवत असेल. ज्यांचा वाटा शंभरात पाच होता त्यांना बातमी वाचल्याचंही आठवत नसेल.

नोकियाचा दाखला ठरावात आहे, पण अर्धाच. हँडसेटचा धंदा बुडाला, सप्टेंबर २०१३ मध्ये तो मायक्रोसॉफ्टला विकायचा करार झाला, हे खरं. नोकिया कंपनी मात्र आजही आहे, कारण मोबाइलच्या टॉवरमागची यंत्रणा बनवण्याचा दुसरा धंदा तिच्याकडे होता आणि पुढे तोच वाढवला. दुसरा धंदा भागधारकाच्या कामी आला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा हँडसेटचा कारखाना होता, तिथल्या कामगाराच्या नाही आला. तो कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. पुढे ती जागा सॅलकॉम्प नावाच्या चार्जर बनवणाऱ्या कंपनीने घेतली, आणि ती ॲपललाही माल पुरवते. आज आयफोनही त्याच श्रीपेरुंबुदूर भागात फॉक्सकॉन जोडतं. (पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने स्वतःचं दुकान उघडलं. आपल्या वाट्याला अजून बर्डीवरचे विक्रेतेच. विदर्भाला न्याय्य वाटा देऊ म्हणणाऱ्या नागपूर कराराची आठवण मी काढणार नाही.)

फिल्मवर जगून डिजिटल कॅमेऱ्यापुढे मागे पडलेल्या कोडॅकचं उदाहरण कृपया बैठकीत कोणी देऊ नये. ते आता पाठ झालं आहे.

एक वस्तू आणि एक गिऱ्हाईक, यांत आपण गल्लत करतो आहोत असंही वाटतं. मी हिंगण्याच्या ज्या कारखान्यात होतो तिथे एकाच बड्या कंपनीला एकच सुटा भाग जायचा. त्यांनी डिझाइन बदललं, आमची एक अख्खी शेड बंद झाली. तिथे वस्तू एक असणं हा खरा घोर नव्हता, नाही म्हणणारा माणूस एक होता हा होता. ॲपलची २३५ कोटी उपकरणं वापरात असल्याचं कंपनीनेच जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. एवढे लोक एका दिवशी नाही म्हणत नाहीत. म्हणाले तर हळूहळू म्हणतील, आणि ते आकड्यांत दिसेल.

पण सेवांच्या रकान्यात एक मोठं गिऱ्हाईक लपलेलं आहे. गूगलविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यातल्या कागदपत्रांवरून कळलं की २०२२ मध्ये गूगलने ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. त्या वर्षीच्या सेवांच्या ७८ अब्जांशी हे ताडून बघा. आणि यात ॲपलला जवळपास काहीच खर्च नाही, जवळपास सगळा नफा. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना त्यांनी अशा करारांतली 'फक्त आम्हीच' ही अट काढली, पैसे देण्यावर मात्र सरसकट बंदी घातली नाही. ॲपलवाले त्या दिवशी सुटकेचा श्वास सोडून झोपले असतील. ॲप स्टोअरच्या कमिशनवर तिकडे युरोपातला डिजिटल बाजाराचा कायदा आहे, आणि अमेरिकेत एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीचा खटला, ज्यात एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ॲपबाहेरच्या दुव्यांवरून होणाऱ्या खरेदीवर कमिशन घ्यायला मनाई केली, मग त्यावर अपील वगैरे चालू झालं. हे सगळे धोके 'सेवा' या सुरक्षित समजलेल्या रकान्यातले आहेत. टिपणात यातली एकही ओळ नाही.

फोनला स्वतःला असलेला धोकाही दुसऱ्या फोनचा कमी आणि फोनच कमी लागण्याचा जास्त. आयफोनमधली बोलकी मदतनीस सिरी, तिची जास्त समजूतदार आवृत्ती लांबणीवर पडल्याचं कंपनीने मार्च २०२५ मध्ये मान्य केलं. मे २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने जॉनी आइव्ह यांची उपकरणं बनवणारी कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं. आयफोनला रूप देणारा माणूस आता आयफोनची गरज कमी करेल असं काहीतरी घडवायला बसला आहे. त्यातून काय निघेल ते निघेल. शोधायचंच असेल तर आयपॉडला जसा आयफोन भेटला तसा आयफोनला भेटणारा कुठे तयार होतोय ते शोधा, तो या वेळी ॲपलच्याच घरात जन्मेल याची खात्री नाही.

मग ही जोखीम विभागायची कोणी? ठरावाचा सूर असा आहे की कंपनीने आपल्यासाठी चार धंदे करायला हवे होते. काहून? आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल आठवा. १८७७ मध्ये सुरू झाली, आणि ती कापड गिरणी म्हणूनच जगली आणि गिरणी म्हणूनच संपली. तिथे आता मॉल आहे. तिच्या मालकांना, जमशेटजी टाटांना पोलाद हवं होतं तर त्यांनी गिरणीत भट्टी नाही घातली. त्यांच्या मुलांनी १९०७ मध्ये पोलादाची कंपनीच वेगळी काढली. धंदा मालकाने विभागला. आपणही मालकच आहोत, कितीही चिमुकले असलो तरी. दुसरी कंपनी घेणं आपल्याला मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. ॲपलला मोटार बनवणं दहा वर्षांत जमलं नाही. स्वतःचं दोन मिनिटांचं काम टाळून कंपनीकडून दहा वर्षांच्या कामाची अपेक्षा धरणं मला बरोबर वाटत नाही.

आणि मालक म्हणून आपण काय केलं आहे? आपल्या यादीत सर्वांत मोठा वाटा ॲपलचा. शिवाय बहुतेक सभासदांकडे अमेरिकी इंडेक्स फंड (बाजार निर्देशांकातल्या सगळ्याच कंपन्यांचे शेअर एकत्र घेणारा), ज्यात ॲपल पहिल्या काही कंपन्यांत असतेच, ती मोजलेलीच नाही. बरं, एकाच वस्तूवर जगण्याची अट लावायची तर यादीतल्या मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचं काय? २०२४ मध्ये तिच्या उत्पन्नातले ९८ टक्क्यांच्या घरातले पैसे जाहिरातींचे होते. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचे जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षातले सुमारे ८८ टक्के डेटा सेंटरचे. ठराव मंजूर करणाऱ्यांनी हे दोघेही त्याच हाताने काढायला हवेत, पण ती नावं ठरावात नाहीत कारण त्यांच्यात सध्या चांगला नफा दिसतो आहे. त्यात भर म्हणजे आपल्यातल्या निम्म्या घरांत मुलगा, सून किंवा जावई मिहान नाहीतर हिंजवडीत अमेरिकी गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पगार तिकडून, घराचे हप्ते त्या पगारातून, आणि शिल्लक पडली की तीही तिकडेच. असं असताना ॲपल एकाच वस्तूवर जगते म्हणून आपण तिला नावं ठेवतो!

नामवंत अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांचं नाव टिपणात आहे म्हणून तेवढं पूर्ण करतो. २०२३ च्या अखेरीस त्यांच्या बर्कशायर कंपनीच्या शेअरांतल्या गुंतवणुकीपैकी जवळपास निम्मी एकट्या ॲपलची होती. पुढच्या नऊ महिन्यांत त्यांनी त्यातले दोन तृतीयांश शेअर विकले. सगळे नाही विकले. ॲपल वाईट झाली असंही ते म्हणाले नाहीत. टिपणातल्या 'वाटा वाढवा'च्या शेजारी त्यांचं नाव शोभत नाही, आणि ठरावातल्या 'काढून टाका'च्या शेजारीही नाही.

म्हणून माझी विनंती अशी की ठराव मागे घेऊन दुसरा मांडावा: यादीतल्या कोणत्याही एका कंपनीचा वाटा, इंडेक्स फंडातला तिचा भाग धरून, दहा टक्क्यांवर जाऊ नये. दहाच का, आठ किंवा बारा का नाही, यावर हवं तेवढं भांडू. मर्यादेबाहेरचं एकदम विकायची गरज नाही, नवे पैसे दुसरीकडे वळवले तरी वर्ष-दोन वर्षांत प्रमाण खाली येईल. आणि तिमाही निकालाच्या बैठकीत आयफोनची टक्केवारी वाचून दाखवण्याची आपली प्रथा बंद करून त्याऐवजी तीन गोष्टी बघाव्यात: सेवांची वाढ, चीनमधली विक्री आणि गूगलच्या कराराचं पुढे काय झालं. हे टिपण ठेवायचं काम तरुण मंडळींकडे द्यावं, त्यांचे आकडे माझ्यापेक्षा नीटनेटके असतात.

मूळ ठराव तसाच मतदानाला आला, तर माझं मत विरोधात धरावं. वाटा वाढवण्याची उपसूचना आली, तर तिच्याही विरोधात.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद
लक्ष्मीनगर, नागपूर